खलनायिकेचा ताळेबंद
(तृतीय वर्ष, वाणिज्य)

ही गोष्ट टाळेबंदीतली आहे. एप्रिल २०२० मध्ये दूरदर्शनने आपल्या जुन्या मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली, त्यांत 'शक्तिमान'ही होती. मूळ मालिका सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये संपली. माझा जन्म २००५ चा. म्हणजे जिच्या आठवणी काढून घरातली मोठी मंडळी हळवी होत, ती मालिका मी प्रथम पाहिली ती पंधराव्या वर्षी. म्हापशाचा बाजार बंद, शाळा बंद, दुपारचे जेवण नुकतेच झालेले, अशा अवस्थेत. आमच्या घरात एरवी दुपारी कोणी नसते. त्या दिवसांत सगळेच होते आणि सगळ्यांत अवघडून बसलेली होती ती काकी. बाजारातले आमचे मसाल्याचे दुकान ती चालवते. शुक्रवारचा बाजार चुकलेला तिच्या आयुष्यात बहुधा तो पहिलाच महिना असावा.

पडद्यावर तमराज किल्विष आपल्या सिंहासनावर बसून काळोख कायम राहण्याच्या गर्जना करीत होता आणि त्याच्या दरबारात शलाका उभी होती. काळ्या मांजरीची ती शलाका. शक्तिमानवर चाल करून जायचे, हरायचे, परत येऊन किल्विषपुढे मान खाली घालून उभे राहायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा जायचे, हे तिचे काम. माझा धाकटा भाऊ डोळे विस्फारून पाहत होता. काकीने बराच वेळ पाहिले आणि मग मला विचारले, "हिका पगार कितलो गो?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि आज वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर मला असे वाटते की 'शक्तिमान'वर इतका मुद्द्याचा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नसेल. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

शलाकाला मिळत काय होते? डॉक्टर जॅकाल होता, त्याला आपल्या विज्ञानाची धुंदी होती. ललित परिमू यांनी तो असा रंगवला आहे की त्याच्या वेडात एक आनंद दिसतो. 'पॉवर' हा त्याचा आवडता शब्द. किल्विषला सगळ्या जगावर अंधार हवा होता. शलाकाला काय हवे होते? मालिका संपेपर्यंत मला याचे उत्तर सापडले नाही. ती दुष्ट होती, देखणी होती, शूर होती, पण तिच्या दुष्टपणाची जमेची बाजू कोरीच होती. सगळा खर्च तिचा आणि नफा किल्विषचा. आमच्या अभ्यासाच्या भाषेत सांगायचे तर ती भागीदार नव्हती, नोकर होती. आणि नोकर असूनही तिच्या पगाराची नोंद कोठे नव्हती.

यात अभिनेत्रीचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकते. शलाकाचे काम अश्विनी काळसेकर यांनी केले. काळसेकर हे आडनाव ऐकले की आमच्याकडच्या माणसाला मालवण तालुक्यातले काळसे आठवते आणि ती आपल्यातलीच कोणी असावी असे उगीच वाटते. पुढे त्यांनी 'कसम से' मध्ये जिज्ञासा वालिया उभी केली आणि २०१३ साली सुरू झालेल्या 'जोधा अकबर' मध्ये माहम अंगा. माहम अंगा ज्याने पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको. अकबराची ही दाई दरबारातली माणसे हलवते, फरमानांच्या आड उभी राहते, पोटच्या मुलासाठी राज्य पणाला लावते. भुवई किंचित वर गेली की समोरचा सरदार गार. म्हणजे बाईंच्या अंगी सामर्थ्य होतेच. शलाकाच्या वेळी ते वापरायला लेखकांनी जागाच दिली नाही.

येथे माझ्या मनात जो विचार आला तो थोडा विचित्र आहे. सत्ता हाती असलेली, आणि ती वाईट रीतीने वापरणारी स्त्री दाखवायची झाली की आपण मागे जातो. मोगलांच्या काळात जातो, पेशवाईत जातो, पुराणात तर जातोच. तेथे तिला सिंहासन द्यायला आपली हरकत नसते. वर्तमानात आलो की तिला घराच्या किल्ल्या, मृत्युपत्र आणि सुनेचा छळ एवढेच मिळते. रोज संध्याकाळी सात ते दहा आपण तेच पाहतो. आणि भविष्यात गेलो, जेथे सगळेच कल्पनेचे आणि कशालाच बंदी नाही, तेथे मात्र ती दुसऱ्याच्या सिंहासनाशेजारी उभी. भूतकाळात राणी आणि भविष्यकाळात हरकामी, हा कसला प्रवास?

कोणी म्हणेल, 'शक्तिमान' ही विज्ञानकथाच नव्हे. कुंडलिनी, पंचमहाभूते, सूर्यांशी ऋषी आणि प्रयोगशाळा यांची ती भेळ. ते मला मान्य आहे. पण आमच्या पिढीच्या मराठी शाळेतल्या मुलांना दूरचित्रवाणीवर विज्ञानकथा म्हणून जे मिळाले ते हेच. पुस्तकांतून मिळाली ती वेगळी आणि फार चांगली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली होती. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले आणि पहिले बक्षीस त्या जगतापांनाच मिळाले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा आमच्या शाळेच्या जुन्या बाईंनी ही हकीकत पुन्हा सांगितली. त्यांच्या कथांत संकट येते ते बहुधा माणसाच्या दुष्टपणातून येत नाही. ते विश्वाच्या नियमांतून येते, किंवा 'वामन परत न आला' मध्ये येते तसे माणसाने घडवलेल्या यंत्रातून येते. तेथे खलनायकाचीच फारशी गरज नाही, मग खलनायिका कोठून येणार? हा काही दोष नव्हे. शुभदा गोगटे यांच्यासारख्या लेखिकांनीही मराठीत विज्ञानकथा लिहिली आहे. तरी मी जेवढे वाचले आहे तेवढ्यात, एका कथेतून दुसऱ्या कथेत परत परत येणारी, जिचे नाव वाचताच 'आली ही!' म्हणून आपण सरसावून बसू, अशी एकही खलनायिका मला भेटली नाही.

ती मला भेटली इंग्रजीत, आणि तीही अपघाताने.

माझा आत्येभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टावर तिकडे गेलेल्या गोंयकारांनी ते गाव इतके भरले आहे की तेथे उभे राहून कोकणीत हाक मारली तर दोघे तरी वळून पाहतील, असे तो सांगतो. दोन वर्षांपूर्वी तो चवथीला आला तेव्हा त्याच्या सामानात एका जुन्या इंग्रजी मालिकेच्या तबकड्या होत्या. घरमालकाने घर आवरताना त्याला देऊन टाकलेल्या. मालिकेचे नाव 'ब्लेक्स सेव्हन'. बी. बी. सी. ने ती १९७८ ते १९८१ या काळात चार भागांत दाखवली, प्रत्येकी तेरा, एकूण बावन्न प्रकरणे. माझे शिक्षण मराठी माध्यमातले, त्यामुळे ते इंग्रजी मला पहिल्यांदा निम्मेच कळे आणि खालची अक्षरे वाचता वाचता वरचे चित्र निसटे. देखावे तर पुठ्ठ्याचेच होते. आमच्या जत्रेतल्या नाटकाचा मंडप त्याहून बरा असतो. पण मी ती सगळी पाहिली, ती सर्वालानसाठी.

कथा थोडक्यात अशी. पृथ्वीवर आणि आसपासच्या ग्रहांवर एका जुलमी राज्यसंघाची सत्ता आहे. ब्लेक नावाच्या बंडखोराला खोट्या आरोपाखाली दूरच्या तुरुंगग्रहावर पाठवले जाते. वाटेत तो आणि काही कैदी एक परके अवकाशयान मिळवतात आणि राज्यसंघाशी झुंज मांडतात. (त्यांच्यातला एव्हन हा संगणकातून बँकेचे पैसे लांबवण्याच्या प्रयत्नात पकडला गेलेला. वाणिज्य शाखेची म्हणून मला तो आधी जवळचा वाटला, हे कबूल करते.) या बंडखोरांना पकडण्याची जबाबदारी ज्या सरसेनापतीवर आहे ती सर्वालान. जॅकलीन पिअर्स या अभिनेत्रीने ते काम केले. २०१८ साली त्या वारल्या. केस अगदी बारीक कापलेले, अंगात उंची झगे, आवाज कधी चढत नाही. हाताखालच्या माणसाला मरायला पाठवतानाही ती चहाला बोलावल्यासारखी बोलते.

ही भूमिका मुळात पुरुषासाठी योजलेली होती आणि तीही एकाच प्रकरणापुरती. मला हे कळले तेव्हा पुष्कळ उलगडा झाला. पुरुषासाठी योजलेली भूमिका, म्हणून तिच्यात सवत नाही, सासू नाही, सौंदर्याचा मत्सर नाही, मूल होत नाही म्हणून आलेली कडवटता नाही. पुरुष सेनापतीला लेखक यांतले काही देतच नाही. त्याला तो हुद्दा देतो, महत्त्वाकांक्षा देतो, वरिष्ठ आणि प्रतिस्पर्धी देतो. तेवढे सगळे सर्वालानला आयते मिळाले. तिच्या राज्यात 'बाई असून' असे तिला कोणी म्हणत नाही. बावन्न प्रकरणांच्या त्या पसाऱ्यात मला सर्वांत नवलाची गोष्ट वाटली ती अवकाशयानाची नव्हे, ही.

गंमत म्हणजे सूडाने पेटलेले पात्र त्या मालिकेत आहे, पण तो पुरुष आहे. ट्रॅव्हिस नावाचा अधिकारी. ब्लेकमुळे त्याला हात गमवावा लागला आणि त्यानंतर त्याला दुसरे काही दिसत नाही. तो चिडतो, ओरडतो, हातची संधी रागापायी घालवतो. सर्वालान त्याला वापरते आणि त्याचा उपयोग संपला की सोडून देते. आपल्याकडे ही वाटणी नेमकी उलट झाली असती: रागाने आंधळी बाई आणि थंड डोक्याचा पुरुष.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला तो सांगते. एन्सर नावाच्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने एक अद्भुत संगणक तयार केला आहे, त्याचे नाव ओरॅक. राज्यसंघाने तो दहा कोटी चलनांना विकत घ्यायचे ठरवले आहे. म्हाताऱ्याचे हृदय कृत्रिम आहे आणि ते चालवणारे शक्तिघट बदलायला झाले आहेत. म्हणून त्याचा मुलगा सौदा करून, एक शस्त्रवैद्य बरोबर घेऊन परत निघाला आहे. सर्वालान त्या यानात स्फोटके ठेवते. मुलगा आणि वैद्य वाटेत मेले की म्हातारा उपचारावाचून मरेल, आणि मग ओरॅक नुसता जाऊन उचलून आणायचा. दहा कोटी वाचले. एवढ्यावर ती थांबत नाही. मेलेला वैद्य तिच्याच सैन्यातला; तो कोठे गेला अशी चौकशी होणार, म्हणून ती त्याची नोंद पळपुटा अशी करायला लावते. पळपुट्याच्या कुटुंबाला त्या राज्यात गुलाम म्हणून विकतात. हे ती ट्रॅव्हिसला सांगते तेव्हा आवाजात राग नाही, आनंदही नाही. किरकोळ खर्चाची नोंद वाचून दाखवावी तसे सांगते.

मी ते प्रकरण पाहून रात्री झोपले नाही. भुताच्या गोष्टीने जशी भीती वाटते तशी ही नव्हती. मला भीती वाटली ती अशी, की तो हिशेब मला बरोबर लागला होता. ती पुढची नोंद करण्याच्या आतच मला ती सुचली होती. हिशेब शिकणाऱ्या मुलीला खलनायिकेने एवढे शिकवावे, याहून जास्त काय हवे?

लेखकांनाही पुढे पुढे ती झेपली नाही असे मला वाटते. १९८० साली आलेल्या एका प्रकरणात तिला स्वतःच्या अंशातून मुले हवी असतात. त्यासाठी ती एका ग्रहावर साथ पसरवते आणि मग औषध घेऊन मदतीला हजर होते. शेवटी हाताखालच्या एका अधिकाऱ्याच्या खोट्या सांगण्यावरून ती तीच न जन्मलेली बालके स्वतःच्या हुकुमाने नष्ट करते, आणि ती आपलीच होती हे तिला उमगते. तेथे पिअर्सबाईंचा चेहरा पाहण्यासारखा आहे. हे मला पटले, कारण येथेही चूक तिच्या स्वभावातून आली: माणसांना मोजण्याची सवय आणि अविश्वास. परंतु १९८१ मधले एक प्रकरण आहे, टॅनिथ ली या लेखिकेने लिहिलेले, त्यात कळते की अठराव्या वर्षी सर्वालानचे एका माणसावर प्रेम होते, तो तिला सोडून गेला आणि मग ती सत्तेकडे वळली. प्रकरण सुंदर आहे, वाळूचे वातावरण विलक्षण आहे, आणि ते एका स्त्रीने लिहिले आहे. तरीही मला राग आला. किल्विषला कोणी विचारले का, की बाबा रे, तुला अठराव्या वर्षी कोणी नकार दिला होता? पुरुषाला सत्ता हवीशी वाटते हे कारण पुरेसे असते. बाईला ती हवीशी वाटली तर आधी तिचे मन मोडावे लागते.

आता थोडे घराकडे येते.

माझे काका वारले तेव्हा मी सातवीत होते. दुकान तिघा भावांचे, पण बसत काकाच. त्यांच्या मागे काकीने किल्ल्या घेतल्या आणि पहिल्या महिन्यातच वह्या काढल्या. उधारी इतकी होती की माल कोणाचा आणि दुकान कोणाचे, हे सांगणे कठीण. तिने उधारी बंद केली. धाकट्या काकांना काम न करता दरमहा जे मिळे ते बंद केले. माझ्या वडिलांनाही दोनदा परत पाठवले. मी अकरावीला वाणिज्य घेतले ते तिच्या सांगण्यावरून आणि तेव्हापासून दुकानाच्या वह्या माझ्याकडे आहेत. सुकी मिरची, हळसांदे, गूळ, आमसुले, सगळ्यांची आवक-जावक मी लिहिते. दुकान आज उभे आहे ते तिच्यामुळे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि आमच्या घरात, पेडण्याकडच्या गावात आणि बाजारातल्या निम्म्या लोकांत तिचे नाव आहे 'ताटका'.

हे नाव ठेवणाऱ्यांनी रामायण वाचले असते तर ते जरा थबकले असते. बालकांडात ताटका कोण आहे? सुकेतू यक्षाची मुलगी, जन्माने राक्षसी नव्हेच. तिचा नवरा सुंद. अगस्त्यांच्या हातून तो मारला गेला, तेव्हा ती आपल्या मुलाला, मारीचाला घेऊन ऋषींवर धावून गेली आणि त्यांच्या शापाने राक्षसी झाली. म्हणजे ताटका ही एक विधवा होती. खुद्द रामाचाही हात तिच्यावर लगेच उठत नाही; विश्वामित्रांना त्याला समजवावे लागते. आमच्या गावच्या लोकांनी नाव नकळत अगदी नेमके ठेवले आहे.

पण मला काकीची बाजू घेऊन भांडायचे नाही, आणि म्हणूनच हा लेख मला अवघड जातो. काकी एका बाबतीत चुकली आहे. काकांच्या वेळेपासून आमच्याकडून मसाला नेणारी एक खाणावळ होती. त्या घरचा कर्ता माणूस आजारी पडून इस्पितळात गेला, आणि तिसऱ्या दिवशी काकीने बाकीच्या वसुलीला माणूस पाठवला. त्या बाईंनी गळ्यातले काहीतरी ठेवून पैसे दिले. ती रक्कम जमेला मी लिहिली. माझ्या अक्षरात आहे ती. माझ्या मते तो व्यवहार वाईट होता. माणुसकी सोडा, व्यवहार म्हणूनही वाईट. एवढे जुने गिऱ्हाईक दोन महिने थांबून टिकले असते.

आता पाहा. जत्रेला गावी गेलो तेव्हा या गोष्टीची चर्चा झालीच. कोणी म्हणाले ताटका, कोणी कैदाशीण, एका म्हाताऱ्याने तर पूतनाही काढली. 'तिने चूक केली' असे एकही माणूस म्हणाला नाही. चूक करणाऱ्याला चूक दाखवता येते, त्याच्याशी वाद घालता येतो, तो सुधारूही शकतो. ताटकेशी वाद कोण घालणार? ताटकेला बाण मारतात. आणि काकांनीही एकदा असेच केले होते. एका मयडेकराचा केळ्यांचा गाडा बाकीपोटी ठेवून घेतला होता. ते अजून सांगतात, पण सांगताना म्हणतात, "माणूस व्यवहाराला कडक होता."

त्या रात्री देवळासमोर दशावतार होता. गणपती झाला, संकासुर येऊन हसवून गेला, आणि मध्यरात्रीनंतर आख्यान रंगात आले. पखवाज आणि झांजेच्या तालावर राक्षस आला तो असा आला की पुढे बसलेली पोरे मागे सरकली. राक्षसपार्टीचा थाटच वेगळा. मग त्याची बहीण आली. ती मात्र रूप पालटून, सुंदर स्त्री होऊन. स्त्रीपार्टी करणारा नट फार उत्तम होता, लाजणे, पदर सावरणे, सगळे पाहत राहावे असे. पण ती राक्षसी आहे हे तिने आम्हांला एकदाच सांगितले, आणि मग सगळा वेळ राजाला भुलवण्यात गेला. तिचे स्वतःचे रूप आम्हांला दिसलेच नाही.

सुट्टी संपवून चोर्ला घाटाच्या बसने परत येताना मी हे बरोबरच्या मैत्रिणीला सांगितले. ती मंगळूरकडची, याच अंकाच्या कन्नड विभागात तिचा लेख आहे. आईचे माहेर खानापूरकडचे असल्याने माझे कन्नड कामापुरते चालते आणि आम्ही दोन्ही भाषांत मिळून बोलतो. ती म्हणाली, आमच्या यक्षगानात असे नाही. तेथे राक्षसांच्या वेषाला 'बण्णद वेष' म्हणतात आणि राक्षसीसाठी त्यातच वेगळा प्रकार आहे, 'हेण्णु बण्ण'. शूर्पणखा, पूतना, ताटका यांचा तो वेष. तिचे रंग वेगळे, तिचा पडद्याआडून होणारा प्रवेश वेगळा, आणि तो वेष करायला मुरलेला कलावंत लागतो. ती भयंकरही असते आणि हसवतेही. तिला सुंदर व्हावे लागते ते नंतर, कामापुरते. आधी ती स्वतः म्हणून प्रेक्षकांपुढे येऊन जाते. घाट चढेपर्यंत मी गप्प होते. आमच्या इतक्या जवळ हे आहे आणि मला ठाऊक नव्हते.

माझ्यावर एक आक्षेप येणार हे मला दिसते. मुलींपुढे चांगले आदर्श ठेवायचे सोडून ही खलनायिका काय मागते? चांद्रयान-२ ची धुरा एम. वनिता आणि रितू करिधल या दोघींनी सांभाळली, २०१९ साली सगळ्या देशाने पाहिले. त्यांच्यावर लिहावे की! अवश्य लिहावे. परंतु त्या प्रत्यक्षात आहेत, वर्तमानपत्रात आहेत, त्यांना माझ्या कल्पनेची गरज नाही. आदर्श स्त्रीची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. टंचाई आहे ती चुकणाऱ्या स्त्रीची. सत्तेवर बसून, पुरेपूर अक्कल असून, स्वतःच्या फायद्यासाठी, स्वतःच्या हिशेबाने वाईट निर्णय घेणारी आणि त्याची जबाबदारी जिच्यावर टाकता येईल अशी. ती कथेत नसली की घरातल्या बाईसाठी लोकांजवळ दोनच शब्द उरतात, देवी आणि ताटका.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक विज्ञान-एकांकिका केली. त्यातला खलनायक एक शास्त्रज्ञ होता. मी ती भूमिका मागितली. थोडे हसू झाले आणि मला काम मिळाले ते संगणकाच्या आवाजाचे. यंत्राला आवाज मुलीचाच हवा म्हणे. (ओरॅकचा आवाज पुरुषाचा आहे, तोही एका खवट म्हाताऱ्याचा. मी हे सांगून पाहिले.) पडद्यामागे उभी राहून मी 'आज्ञा, महाराज' असे अकरा वेळा म्हटले. शलाकाची आठवण झाली.

या उन्हाळ्यात मी काकीला ओरॅकचे प्रकरण दाखवले. दुकान बंद करून ती आली होती, पायाला तेल लावत होती. इंग्रजी तिला येत नाही. मी शेजारी बसून सांगत गेले. दहा कोटी, मुलगा, स्फोटके, वैद्याच्या नावापुढची नोंद. तिने मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटले नाही. प्रकरण संपल्यावर तिने विचारले, "आनी तें यंत्र? तें मेळ्ळें हिका?"

"ना," मी म्हटले. "तिच्या आधी ब्लेकची माणसे पोचली. ते घेऊन गेले."

काकी बराच वेळ पायाला तेल लावत राहिली. मग म्हणाली, "त्या खाणावळवाल्यांचें पान आसा मगो वयेंत?"

मी सांगितले की मार्चअखेर मी ते खाते बंद केले. बाकी काही नव्हती.